गोवर्धन जेवला का?

गोवर्धनचा राग बाळापुरात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याच्या पिठाच्या चक्कीवर कुणी डबा ठेवून "भाऊ, जरा लवकर" म्हटलं, की तो म्हणणार, "मंग का गहू दातानं दळू?" माणसं हसतात, डबा ठेवून जातात, आणि दळण सांगितल्या वेळेच्या आधी तयार असतं. त्याचा राग म्हणजे उतू जाणारं दूध, फुंकर मारली की खाली. पण यंदा जानेवारीत तो दोस्तांबरोबर कोकणातल्या एका बेटावर राहायला गेला आणि तिथून जो राग घेऊन आला, तो अजून खाली बसलेला नाही. आणि का बसावा? ऐकाल तर तुम्हीही म्हणाल, बसूच नये.

गोवर्धनची दुसरी ओळख रोडग्यांची. जाडसर कणकेचे मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. ऐकायला सोपं वाटतं. पण गोवऱ्यांचा जगरा, म्हणजे खड्ड्यातली निखाऱ्यांची रास, नीट लागला नाही तर बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची कणीक. दहावीचा निकाल लागला तेव्हा वर्गातल्या पोरांनी किल्ल्याखाली नदीच्या रेतीत पार्टी ठरवली, आणि गोवऱ्या आणल्यावर सगळे एकमेकांची तोंडं पाहू लागले. गोवर्धननं बापाला नवसाच्या जेवणात जगरा लावताना पाहिलं होतं, म्हणून तो पुढं झाला. जो पुढं झाला तो कायमचाच. देवानंदच्या अकोल्यातल्या टाइल्सच्या दुकानाचं उद्घाटन असो, पंजाबराव चांदूर बाजारला हेडमास्तर झाला त्याचा आनंद असो, की रामरावनं अमरावतीत बंगला बांधला त्याची वास्तू असो, जगऱ्यापाशी गोवर्धन. धुरानं डोळे लाल, हातात चिमटा. पंगत बसली की हाच वाढणार, "घे अजून एक, लाजतं काहून?" पंगत उठली की लोक सुपारी कातरत गप्पांना बसणार आणि हा पातेली गोळा करणार.

वांग्याची भाजीही त्याचीच. मात्र ती तो स्वतः कधी चाखत नसे. भाजी उकळली की हाक मारायची, "देवानंद, मीठ पाय रे!" देवानंदनं यायचं, पळीतला रस तळहातावर घेऊन चाटायचा आणि मोठ्या साहेबासारखं सांगायचं, "थोडं कमी हाये." हा मान देवानंदचा, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. करणारा स्वतः का चाखत नाही, हे मात्र त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

डिसेंबरात देवानंदचा फोन आला. "गोवर्धन, यंदा बेटावर जाऊ. समुद्रात! तंबू ठोकून राहू. तथी हाटेल नाही, दुकान नाही, मानूस नाही. आपन चौघं दोस्त, बस!"

गोवर्धननं समुद्र पाहिलेला नव्हता. त्या दिवशी त्यानं एका बाईच्या गव्हात दुसरीची ज्वारी दळली आणि ती भांडायला आली तर तिच्यावर रागावलासुद्धा नाही. संध्याकाळी घरी आला तो हसतच. बायकोनं, कौशल्यानं, सगळं ऐकून घेतलं आणि शेंगा फोडता फोडता विचारलं, "इतक्या सालात नाही बोलावलं. यंदाच काहून?"

"दोस्त हायेत माहे! दोस्ताले बोलवाले का मुहूर्त लागते?"

"गोवऱ्या आनाले सांगतल्या का?"

"सांगतल्या. मंग? समुद्रात का गाई बांधल्या हायेत?"

कौशल्या शेंगा फोडत राहिली. पण निघायच्या दिवशी तिनं दुधातल्या दशम्या, ठेचा आणि कांदे अशी शिदोरी फडक्यात बांधून त्याच्या थैलीत घातली, तेव्हा गोवर्धनचा पारा चढला. दोस्तांना पोटभर रोडगे खाऊ घालायला निघालेला माणूस बगलेत शिदोरी घेऊन जातो का कधी? ते काय म्हणतील?

"म्हनू द्या," कौशल्या म्हणाली. "भाजी त तुमी वांग्याचीच करसान. वांग्यानं तुमचा घसा सुजते. अन् वाढता वाढता रोडगे सरले, का तुमी उपाशी. हे मी आज पाहून राह्यली का? माहं एकच काम करा. तथी तुमाले कोनी 'गोवर्धन, तू जेवला का?' असं विचारते का, तेवढं पाहून या."

"विचारतीन! काहून नाही विचारतीन?" गोवर्धन असा ओरडला की शेजारची म्हातारी दारात आली. पण ओरडला तो उगाच नव्हे. आजवर कुणी विचारलं होतं का, ते आठवायला तो बसला आणि त्याला एकही वेळ आठवली नाही.

देवानंदच्या मोठ्या गाडीच्या टपावर गोवऱ्यांची पोती बांधली. मागच्या सीटवर तंबू, चटया, पातेली आणि त्यांच्या मधोमध गोवर्धन. गाडी घाटाला लागेपर्यंत सगळं छान होतं. शाळेतल्या मास्तरांच्या नकला झाल्या, गाणी झाली. मग पंजाबरावच्या तोंडून निघून गेलं, "मागच्या साली गोव्यात लय मजा आलती बावा."

"अन् त्याच्या आंधी महाबळेश्वरले नाही आली का?" रामराव म्हणाला.

गोवर्धननं मागून विचारलं, "कोन कोन गेल्ते?"

गाडीत एकदम सगळ्यांना रस्ता पाहावासा वाटू लागला. शेवटी देवानंद म्हणाला, "असंच, घाईघाईत ठरलं होतं. तुले काई चक्कीतून सुट्टी भेटत नाही, म्हनून नाही सांगतलं."

सुट्टी भेटत नाही! चक्की काय सरकारी कचेरी आहे? कुलूप लावलं की सुट्टी. पण त्यासाठी आधी कुणी विचारायला नको? मोबाइलवर या तिघांचा ग्रुप आहे, तिथे रोज सकाळी फुलं आणि सुविचार येतात, हेही गोवर्धनला त्याच प्रवासात कळलं. गोव्यात हॉटेलं होती, महाबळेश्वरात हॉटेलं होती, एवढं मात्र त्याच्या मनात येऊन गेलं आणि वांगं खाल्ल्यासारखी घशात खाज सुटली. 'छे, दोस्तांबद्दल असा विचार करतं का कोणी,' असं म्हणून त्यानं स्वतःलाच दटावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते नावेपाशी पोचले. नाववाल्यानं पोती पाहून विचारलं, "शेणी कशाला नेताय? तिकडे लाकडं पडलीत ढीगभर."

"लाकडावर कोनी रोडगे भाजते?" गोवर्धन उसळला. "तुमी का मासे दुधात शिजवता?" नाववाला हसला आणि त्यानं पोती नीट कोरड्या जागी ठेवली.

बेटावर उतरल्यावर सामान उतरवायचं होतं. तिघं दोस्त गॉगल लावून नाववाल्याशी बोलत उभे राहिले आणि गोवर्धन डोक्यावर पोतं घेऊन रेतीतून वर-खाली करू लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तोच आपणहून लागला होता. नाववाला हातानं पाणी दाखवत होता, मग वरची माडाची झाडं दाखवत होता. तिघं माना डोलवत होते. गोवर्धन शेवटचं पोतं घ्यायला आला तोवर बोलणं संपलं होतं. "उद्या सकाळी येतो," म्हणून नाव निघून गेली. तंबू वर माडांखाली ठोकले. सावलीसाठी असतील, असं गोवर्धनला वाटलं.

मग त्यानं समुद्र नीट पाहिला. पाहतच राहिला. आनंदानं त्याच्या छातीत धडधडलं, हे खरं. पण गोवर्धनला आनंदसुद्धा रागातूनच होतो. इतकं पाणी! याला काही हिशेब आहे का? आणि आमच्या बाया हंडे घेऊन टँकरमागं पळतात! त्यानं खाली वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थू करून टाकलं. "खारं पानी त आमच्या बाळापूरच्या बोअरलेबी हाये! त्याच्यासाठी इतक्या दूर काहून आलो?" तिघं खदाखदा हसले. गोवर्धनही हसला. त्या घडीला तो त्यांच्यातला होता. आता लुंगी खोचून गुडघाभर पाण्यात चौघांनी उभं राहायचं आणि लाटा अंगावर घ्यायच्या, एवढंच त्याच्या मनात होतं. तो लुंगी खोचतच होता, तर देवानंद म्हणाला, "गोवर्धन, तू आमचा फोटो काढ बरं. अन् मंग जगऱ्याचं पाय, नाहीतर रात होईन."

त्यानं फोटो काढला. फोटोत तिघं, पाण्यात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. ते तिघं पुढं पोहायला गेले आणि हा वांगी चिरायला बसला.

जगरा कुठं लावायचा, हे गोवर्धनला कुणी शिकवायची गरज नव्हती. लहानपणापासून नदीतच लावत आलेला. वरची कोरडी रेती भुसभुशीत, तिथं वारा गोवऱ्या उडवतो. पाण्याजवळची ओलसर रेती घट्ट, तिच्यात खड्डा नीट बसतो, वारा अडतो, आणि विझवायला पाणी हाताशी. त्यानं तसाच खड्डा केला, गोवऱ्या रचल्या, पेटवल्या. निखारे फुलले तेव्हा एकेक रोडगा प्रेमानं आत ठेवला, राखेनं झाकला. सूर्य बुडायला टेकला होता. समुद्राकडे पाठ करून तो वर तंबूपाशी आला. देवानंदच्या छोट्या गॅसवर वरण झालं होतं, भाजी उकळत होती.

"देवानंद, मीठ पाय रे!"

देवानंद ओल्या केसांनी आला, चाटलं, "थोडं कमी हाये," म्हणाला. गोवर्धननं चिमूटभर मीठ टाकलं, आणि खालून सूंऽऽ असा आवाज आला. वळून पाहतो तर जगऱ्यातून पांढरी वाफ निघतेय आणि खड्ड्याभोवती पाणी.

तो धावला. पोचेपर्यंत दुसरी लाट आली आणि निखारे, राख, रोडगे, सगळं एक झालं. त्यानं पाण्यात हात घातले, पोळले तरी घातले, आणि जे हाती आलं ते मीठ प्यालेले कणकेचे लगदे. काही तर तरंगत निघून चालले होते.

"पानी चढून राह्यलं!" तो समुद्राकडे पाहून ओरडला. "पाऊस नाही, पूर नाही, आभाळ साफ हाये, अन् पानी चढून राह्यलं! काई लाज हाये का?" आमच्याकडची नदी चढली तर आधी चार दिवस आभाळ काळं होतं, गावात दवंडी होते. असं चोरपावलानं येऊन माणसाची चूल विझवणारं पाणी त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

वरून पंजाबराव म्हणाला, "भरती हाये बावा ते. नाववाल्यानं सांगतलं होतं नं, सांजच्याले पानी तिथपर्यंत येते म्हनून. म्हनूनच त तंबू वरतं ठोकले."

गोवर्धन लगदे हातात घेऊन तसाच उभा राहिला. "कोनाले सांगतलं?"

"आमाले तिघायले."

"अन् मी कुठी होतो?"

"तू पोते आनून राह्यला होता," रामराव म्हणाला.

"तुमचंच सामान आनून राह्यलो होतो मी!" गोवर्धनचा आवाज फाटला. "तुमाले मालूम होतं. मी तथी खड्डा केला, जगरा पेटवला, तुमी पोहून माह्या बाजूनंच वर गेले. एकाले बी तोंड उघडता आलं नाही?"

"आमाले वाटलं, जगऱ्याचं तुले सगळं मालूम असते," पंजाबराव म्हणाला.

पोहून आलेल्या माणसाची भूक वाईट असते. देवानंदच्या पोटात कावळे ओरडत होते, आणि समोर त्याचे रोडगे समुद्रात चालले होते. त्याच्या तोंडून निघून गेलं, "सगळा सत्यानाश करून ठेवला! अबे, तुले आनलं होतं कायसाठी?"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. पण शब्द काय परत घेता येतात?

गोवर्धन वर आला. लगदे त्यानं पातेल्याच्या झाकणावर ठेवले, हात पुसले. ओरडला नाही, आणि तेच वाईट. "गोव्यात हाटेल होतं," तो म्हणाला. "म्हनून मी नव्हतो. महाबळेश्वरात हाटेल होतं, म्हनून मी नव्हतो. अथी हाटेल नाही, म्हनून गोवर्धन. बराबर हाये का?"

रामराव तंबूची दोरी उगाच घट्ट करू लागला. आपण बायकोवर ओरडलो होतो, हे गोवर्धनला आठवलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेंगा फोडता फोडता तिला जे कळलं, ते आपल्याला इतक्या वर्षांत कळू नये! दोस्त म्हणून धूर खाल्ला, दोस्त म्हणून हात भाजून घेतले, आणि यांनी त्याला चटया-पातेल्यांबरोबर मोजला. रडू येत होतं की शिवी, त्याचं त्यालाच समजेना.

त्यानं गॅस बंद केला. चटई अंथरली, चार पत्रावळी मांडल्या, मधोमध वरणाचं आणि भाजीचं पातेलं ठेवलं. थैलीतून कौशल्याची शिदोरी काढून सोडली. दशम्या तिनं एकट्यापुरत्या बांधल्या नव्हत्या, चौघांना पुरतील इतक्या होत्या. बोलली होती इतकं, तरी बांधताना चौघांच्या बांधल्या. ते पाहून गोवर्धनला अजूनच चीड आली.

पत्रावळी दिसल्यावर तिघं सवयीनं येऊन बसले, तोंडं गोरीमोरी करून, हात मांडीवर. आणि चौथ्या पत्रावळीवर गोवर्धन बसला.

भाजीची वाफ निघत होती. पंजाबरावनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि अगदी भोळेपणानं विचारलं, "अरे, तू काहून बसला? वाढनार कोन?"

"मले का मालूम?" गोवर्धन म्हणाला. "मी पंगतीले बसलो. वाढा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हेडमास्तर, बंगलेवाला, दुकानदार. पण पळी कुठल्या हातात धरायची याचाच घोळ. गोवर्धन हलला नाही. मांडी घालून, पोळलेली बोटं गुडघ्यावर ठेवून, समोर पाहत बसून राहिला. शेवटी देवानंद उठला. चुकलं होतं हे त्याला कळत होतं, आणि चुकलेलं भरून काढायचं ते एकदमच, असा त्याचा स्वभाव. त्यानं पातेलं उचललं, बाकी दोघांना ओलांडून थेट गोवर्धनसमोर आला आणि वांग्याची भाजी वाढली. एक पळी, दोन पळ्या, तिसरी. रस पत्रावळीच्या कडेपर्यंत गेला.

"खाय, गोवर्धन. पोटभर खाय. तुह्याच हातची हाये, तुले लय आवडते."

गोवर्धननं भाजीकडे पाहिलं. मग वर देवानंदकडे पाहिलं.

"मी वांगं खात नाही, देवानंद."

"काय म्हनतं? कवापासून?"

"लहानपनापासून. घसा सुजते."

देवानंदच्या हातात पळी तशीच राहिली. "अबे, पन... तू त दरखेपी..." तो थांबला. मिठाची आठवण त्याला तेव्हा झाली असावी, कारण त्यानं स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. "म्हनून तू मले मीठ पाहाले बोलवत होता?"

"मंग काहून बोलवत होतो? तुही जीभ सोन्याची हाये म्हनून?"

"पन आमी तुले कधी..." पंजाबराव चाचरला. "म्हंजे, तू काय खाते, काय नाही, हे कधी पाह्यलंच नाही."

"तेच सांगून राह्यलो मी," गोवर्धन म्हणाला.

त्यानं भाजीची पत्रावळ उचलून देवानंदच्या जागेसमोर ठेवली, त्याची कोरी पत्रावळ स्वतःपुढं घेतली आणि तिच्यावर हात आपटला.

"आता वरण वाढ. अन् तूप हात आखडून वाढू नोको."